'कुटुंबीय' आडनावाची नऊ घरं

आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीची यादी खजिनदार नाना स्वतः मोबाइलवर टाइप करतात. एका ओळीत एक घर. आधी नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव आणि शेवटी रक्कम. सगळ्या मिळून ८४ ओळी. गणपती बसायच्या आदल्या रात्री नाना दारात उभे राहिले. "अध्यक्ष म्हणतायत, रक्कम आधी, मग आडनाव, मग नाव, असं पाहिजे. सकाळी फलकावर लावायचीय. तू कॉम्प्युटरचा माणूस, एवढं फिरवून दे."

"एक्सेलमध्ये कर, दहा मिनिटांत होईल," बायको आतून म्हणाली. ती बरोबर बोलत होती. पण माणसाला एखादी विद्या येते असं चारचौघांत बोललं गेलं, की ती दाखवायची खाज सुटते. मी हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली.

या काळ्या खिडकीत रकाने इकडचे तिकडे करायला बरीच छोटी अवजारं आहेत. त्यातलं पहिलं हाताशी येतं ते 'कट'. त्याला म्हटलं, चौथा रकाना दे, मग तिसरा, मग पहिला. त्यानं पहिला दिला, मग तिसरा, मग चौथा. मला वाटलं, माझंच काही चुकलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. कट हे पंगतीत वाढणाऱ्या जुन्या आचाऱ्यासारखं आहे. तुम्ही जिलबी आधी मागा नाहीतर भात, तो ताटात मीठ, लिंबू, चटणी याच क्रमानं येणार. रकाने निवडायची मुभा आहे, क्रम बदलायची नाही. हा त्याचा दोष नव्हे, तसा नियमच आहे. तो मी वीस वर्षांत तिसऱ्यांदा विसरलो, एवढंच.

मग 'ऑक' काढलं. १९७७ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, बेल लॅब्जमध्ये आल्फ्रेड अहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहन या तिघांनी ते लिहिलं आणि आपापल्या आडनावाचं आद्याक्षर त्याला दिलं. ए, डब्ल्यू, के. आता बघा, रकाने हवे तसे फिरवणाऱ्या या अवजाराच्या नावातच आडनावं वर्णक्रमानं नाहीत. पुढं १९८८ साली तिघांनी त्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा मात्र लेखकांची नावं अहो, कर्निहन, वाइनबर्गर अशी शिस्तीत लागली. अवजाराच्या नावात एक मान, पुस्तकावर दुसरा. लग्नपत्रिकेत कोणत्या काकांचं नाव आधी यावरून ज्या घरात दोन दिवस अबोला झाला आहे, तिथल्या माणसाला हे चटकन कळतं.

ऑक शहाणं आहे. कोणता रकाना कुठं हे सांगितलं की निमूट तसं छापतं. रकाने एकूण किती आहेत हेही त्याला ठाऊक असतं, त्यामुळे शेवटून मोजायची सोय आहे. आमच्याकडे काही जण वडिलांचं नाव लिहीत नाहीत, काही 'डॉ.' लावतात, त्यामुळे पुढून मोजून भागत नाही. म्हणून मी हिशेब केला: शेवटचा शब्द रक्कम, त्याच्या आधीचा आडनाव. यादी झरकन बाहेर आली. नानांनी चष्मा वर केला.

"हे कुटुंबीय कोण? नऊ घरं आहेत त्यांची."

दरवर्षी काही जण हौसेनं 'व कुटुंबीय' असं लिहून वर्गणी देतात. ऑकच्या हिशेबात त्यांचं आडनाव कुटुंबीय झालं होतं. देशपांडे, जगताप, एक बिहारचे मिश्राजी, सगळे एका कुळात. राष्ट्रीय एकात्मतेच्या दृष्टीनं हे चांगलंच होतं, पण नानांना पटलं नाही. ती नऊ नावं मी हातानं दुरुस्त केली.

मग अध्यक्षांचा फोन आला: मोठी वर्गणी वर हवी. ओळी लावायला 'सॉर्ट' आहे. त्याला उलट्या क्रमानं लावायला सांगितलं, आणि सगळ्यांत वर आले ५१ रुपये. त्याखाली ५०१, त्याखाली ५००१, मग २५१, मग ११, मग १०१. आणि ज्यांच्या जिवावर मांडव उभा राहतो ते १००१ वाले तळाशी. सॉर्टचं म्हणणं असं की हे आकडे नाहीत, अक्षरं आहेत, आणि शब्दकोशात जसे शब्द लागतात तशी मी ती लावली. पाच मोठा, एक छोटा, पुढचं पुढं. ५१ रुपये देणारे गृहस्थ कोण हे मी सांगणार नाही, पण आयुष्यात पहिल्यांदाच ते कुठल्या तरी यादीत पहिले आले होते.

त्यावर उपाय आहे. 'हे आकडे समज' असं सॉर्टला सांगता येतं. सांगितलं. यादी जशीच्या तशी. बऱ्याच वेळानं डोक्यात उजेड पडला: नानांनी रकमा देवनागरी अंकांत लिहिल्या होत्या, आणि सॉर्टला आकडा म्हणून इंग्रजी अंकच कळतात. त्याच्या लेखी सगळ्यांची वर्गणी शून्य. शून्यात कोण मोठा, कोण छोटा? म्हणून त्यानं पुन्हा अक्षरंच पाहिली. शेवटी 'सेड' नावाच्या अवजाराकडून एकेक अंक बदलून घेतला, तेव्हा कुठं १००१ ला १०१ च्या वर जागा मिळाली आणि ५००१ डोक्यावर बसले.

एवढं झाल्यावर अध्यक्षांनी मत बदललं. रकमेनुसार लावली तर कमी देणाऱ्यांना वाईट वाटेल, आडनावाच्या वर्णक्रमानं लाव. ते बोलले ते खरं होतं, फक्त अर्धा तास उशिरा. लावली. आमच्या इमारतीतले क्षीरसागर काका कोल्हटकरांनंतर आणि खऱ्यांच्या आधी येऊन बसले. यंत्राला क्ष हे वेगळं अक्षर नाही, क आणि ष यांची जोडी आहे, म्हणून ते क च्या शेपटीला. शाळेच्या हजेरीपटात ज्यांनी जन्मभर शेवटचा नंबर काढला, त्यांना यंत्रानं एका फटक्यात पहिल्या पानावर आणलं. मी ते तसंच ठेवलं. काही चुका दुरुस्त करू नयेत.

मध्येच गंमत म्हणून 'रेव्ह' चालवून पाहिलं, ते ओळ उलटी वाचतं. पाटील यांचं 'लीटाप' झालं. जोशी उलटले तर शेवटची वेलांटी सगळ्यांत पुढं येऊन अक्षराविना उभी राहिली, टेकायला खांदा शोधत. नाना म्हणाले, "हे नको."

आणि मग रात्री पावणेबाराला मी ती चूक केली जी या धंद्यातला प्रत्येक जण एकदा करतो आणि मी चार वेळा केली आहे. सॉर्टला सांगितलं, ही फाइल लाव आणि निकाल याच फाइलमध्ये ठेव. पण तो निकाल ठेवायला शेल, म्हणजे काळ्या खिडकीत माझे हुकूम वाचून अवजारांना कामाला लावणारं, आधी फाइल रिकामी करतं, आणि मग सॉर्ट वाचायला जातं. तिथं काय असणार? त्यानं रिकामी फाइल अगदी नीट, बिनचूक क्रमानं लावून दिली. जागच्या जागी लावण्यासाठी सॉर्टला वेगळा पर्याय आहे, म्हणजे ही चूक होणार हे करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. मूळ यादी नानांच्या मोबाइलवर होती म्हणून वाचलो. दुरुस्त केलेली नऊ आडनावं मात्र गेली.

नाना उठले, घरी जाऊन पावतीपुस्तकं घेऊन आले, आणि स्थळप्रतींवरून एकेक नाव वाचत गेले. मी टाइप करत गेलो. बायकोनं चहा केला आणि एक्सेलचं नाव काढलं नाही, हा तिचा मोठेपणा. सव्वा वाजता यादी तयार झाली.

सकाळी फलकाजवळ गर्दी होती. क्षीरसागर काका पहिल्या पानावर स्वतःचं नाव बोटानं दाखवत उभे होते. ५१ वाले गृहस्थ शेवटच्या पानावर होते आणि त्यांना त्याचं काही नव्हतं.

पुढच्या वर्षी वर्गणी देणाऱ्या सगळ्यांना नम्र विनंती: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव, एवढंच लिहा. कुटुंबीयांना आरतीला आणा, त्यांना यादीत घालू नका.