पंचावन्न मिलिमीटरचा दावा

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा एकाच छायाचित्रात समग्र मावावा, अशी वासना ज्याच्या मनात एकदा उत्पन्न झाली, त्याच्या संसारात विस्तृतकोनी भिंगाचा प्रवेश अटळ समजावा. कारण हा कडा अर्धवर्तुळाकार आणि पोटाशी आत खचलेला असल्यामुळे साध्या भिंगात त्याचा फार तर एक खांदा येतो, आणि उरलेला घ्यावा म्हणून चार पावले मागे सरले तर कडा दिसेनासा होतो व चार पावले पुढे सरले तर छायाचित्रकार दिसेनासा होतो. सबब माझ्या पेन्टॅक्स सिक्स-बाय-सेव्हनसाठी, म्हणजे 1969 साली अवतरलेल्या आणि एका हातात धरला असता दुसऱ्या हाताला रिकामे बसू न देणाऱ्या त्या कॅमेऱ्यासाठी, 55 मिलिमीटरचे भिंग घ्यावे, इतपत निर्णय माझा मी घेतला. छोट्या फिल्मच्या कॅमेऱ्यावर 28 मिलिमीटरचे भिंग जेवढा मुलूख पाहते, साधारण तेवढाच मुलूख हे भिंग या मोठ्या चौकटीत पाहते. पुढे प्रश्न एवढाच उरला की 3.5 छिद्राचे जुने घ्यावे की 4 छिद्राचे नवे. आणि हा एवढासा प्रश्न मी शेजारच्या अप्पांपुढे व माझ्या भाच्यापुढे एकाच वेळी मांडला.

अप्पा जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे कोणत्याही विषयाची कैफियत लिहून काढल्यावाचून त्यांना त्या विषयावर मत होत नाही. जुन्या भिंगाच्या बाजूने त्यांनी फुलस्केप कागदावर जे लिहून आणले, त्याचा मथितार्थ असा की जुन्या भिंगात धातू आहे, वजन आहे, कोपऱ्यांत किंचित मार्दव आहे, सूर्य समोर आला असता एक प्रकारची सौम्य धूसरता आहे, आणि या सर्वांची गोळाबेरीज म्हणजेच भिंगाचा आत्मा होय. नव्या भिंगाचे कोपरेसुद्धा रेखीव येतात, हे भाच्याने निदर्शनास आणताच अप्पांनी त्या रेखीवपणास ‘निर्जीव काटेकोरपणा’ असे नाव देऊन तो मुद्दा निकाली काढला. जुन्या वस्तूच्या कैवाऱ्यांची ही हातोटी मी सर्वत्र पाहिली आहे: आपल्या पक्षाचा दोष असेल तर ते व्यक्तिमत्त्व, आणि दुसऱ्याचा गुण असेल तर तो यांत्रिकपणा.

भाचा अभियांत्रिकीचा पदवीधर असल्यामुळे त्याने विषय मुळापासून काढला. “मामा, आधी आरशाचा विचार करा,” तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे रास्त होते. या जातीच्या कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये एक भलामोठा आरसा उठबस करीत असतो, त्याला जागा हवी म्हणून भिंगाची बैठक फिल्मपासून सुमारे 85 मिलिमीटर दूर ठेवलेली असते, आणि 55 मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने इतक्या दुरून स्पष्ट प्रतिमा पाडावी, अशी ही विलक्षण मागणी आहे. ती पुरवण्यासाठी पुढच्या अंगाला किरण फाकवणारी भिंगे बसवून सगळी रचना मागे रेटण्याची युक्ती फ्रान्सच्या पिएर आंजेन्यू यांनी 1950 साली छोट्या कॅमेऱ्यांसाठी विक्रीस आणली आणि तिला रेट्रोफोकस असे नाव दिले. आरसाच नसेल तर ही यातायात नको. 1954 च्या हॅसलब्लाड सुपरवाइडमध्ये ल्युडविग बर्टेले यांचे बायोगॉन फिल्मच्या अगदी निकट, सुखाने नांदते. आमच्या आरशाला मात्र केवळ जागाच लागते असे नाही; तो उठतो तेव्हा असा दणका देतो की ट्रायपॉड दुबळा असल्यास कोपऱ्यांच्या रेखीवपणाचा सगळा वाद जागच्या जागी रद्द व्हावा. पहिल्या कॅमेऱ्यांत हा आरसा आधीच वर अडकवून ठेवण्याची सोयही नव्हती. ती मागाहून आली.

खरे पाहता निसर्गदृश्य टिपणारा मनुष्य छिद्र एफ-16 वर नेऊन ठेवतो, कारण त्याला पायाजवळच्या गवतापासून क्षितिजापर्यंत सगळेच स्पष्ट हवे असते. आणि तेवढे छिद्र मिटल्यावर जुन्या भिंगाचे बहुतेक दोष झाकले जातात व नव्याचे बहुतेक गुण, प्रकाशाच्या विवर्तनामुळे, थोडे बोथट होतात. म्हणजे ज्या छिद्रावर दोघांत भांडण आहे त्या छिद्रावर आम्ही जाणार नाही, आणि जेथे जाणार तेथे फारसे भांडण नाही. हे मी दोन्ही पक्षकारांना समजावून सांगितले; परंतु तडजोडीने मिटणाऱ्या दाव्यात कोणास गोडी असते?

शिवाय विस्तृतकोनी भिंगाचा खरा खोडसाळपणा दोन्ही पिढ्यांत अगदी सारखाच वसतो, आणि त्याबद्दल कोणीच तक्रार करीत नाही. दूरच्या वस्तू लहान आणि जवळच्या अवाढव्य करून दाखवणे हा त्याचा धर्म असल्यामुळे, 1646 मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, जे महाराष्ट्रात सर्वांत उंच म्हणून शाळेत आम्ही घोकले, ते पायाशी असलेल्या करवंदीच्या जाळीपुढे छायाचित्रात नम्रपणे उभे राहते. पाहणारा आधी जाळीची तारीफ करतो, मग मागे ती टेकडी कोणती म्हणून विचारतो.

भिंगे पाहण्यासाठी आम्ही मुंबईस गेलो, तेव्हा दुकानदाराने दोन्ही काचेवर मांडली. जुन्याचे पुढचे तोंड पोह्यांच्या डब्याच्या झाकणाएवढे होते. त्याला 100 मिलिमीटरचा फिल्टर लागतो आणि नव्याला 77 चा. दुकानदाराने विजेरी पेटवून भिंगाच्या पाठीमागून प्रकाश सोडला व मला पुढून पाहावयास सांगितले: आत, काठालगत, पावसाळी हवेत वाढलेली बुरशीची दोन-तीन पांढरी तंतुमय रोपे स्वस्थ वस्ती करून होती. भाच्याने विजयी मुद्रेने अप्पांकडे पाहिले. अप्पा म्हणाले, “अहो, एवढ्याने चित्राला काही होत नाही,” आणि तेही खोटे नव्हते.

मी नवे घेतले. कारण विचाराल तर ते हलके होते आणि 77 मिलिमीटरचे फिल्टर कोठेही मिळतात. एवढ्या तात्त्विक ऊहापोहानंतर याहून उदात्त कारण देता आले असते तर बरे झाले असते. मात्र परतीच्या गाडीत हळूहळू खुलासा होऊ लागला की माझे दोन्ही सल्लागार त्या दाव्यात निःस्वार्थ नव्हते. भाच्याचा नव्या भिंगाविषयीचा जिव्हाळा, गडावर पिशवी त्यानेच वाहावयाची असल्यामुळे, सहज समजण्याजोगा होता. अप्पांनी मात्र बराच वेळ खिडकीबाहेर पाहिल्यावर कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेला एक तांबडा फिल्टर काढला, निळे आकाश काळे करून पांढरे ढग उठावदार करणारा, प्रकाश आठपट अधिक मागणारा, आणि बरोबर 100 मिलिमीटरचा. चोरबाजारात तो कवडीमोलाने मिळाला म्हणून त्यांनी घेऊन ठेवला होता, आणि त्याला शोभेल असे भिंग माझ्या खर्चाने उपलब्ध व्हावे, एवढीच त्या आत्मविषयक कैफियतीमागची प्रेरणा होती.

पुढच्याच आठवड्यात अप्पांनी स्वतः मुंबईस जाऊन ते बुरशीसह जुने भिंग आणले. नालासाठी घोडा घेणारे लोक असतात हे ऐकून होतो. अप्पांनी नालासाठी खोगीर घेतले, कारण ते भिंग ज्यावर चढवावे तो कॅमेरा त्यांच्याजवळ नाही. त्याबाबत त्यांचा रीतसर अर्ज कालच माझ्या हाती पडला असून, त्यात मौजे शेजारचे घर येथील पेन्टॅक्स कॅमेऱ्यावर दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या रविवारी अर्जदाराची वहिवाट मान्य करावी, आणि सदरहू दिवशी भाचा पिशवी उचलण्याकामी हजर ठेवावा, अशी विनंती आहे. भाच्याने त्यावर लेखी हरकत घेतली आहे.