भाऊ नाहीत, भाऊबंद आहेत

मेलबर्नच्या उपनगरात घरासमोरच्या हिरवळीवर काऊन्सिलची नोटीस लागली की ओळखावं, इथे कुणीतरी वाटणी मागितली आहे. भाऊ नाही, पुतण्या नाही, कोर्टात दावा नाही. नवराबायको दोघंच. पुढे घर, मागे बॅकयार्ड आणि त्या बॅकयार्डचं वेगळं टायटल करून घ्यायची इच्छा. एवढ्या गुन्ह्यासाठी 14 दिवस पाटी झळकते आणि अख्खी गल्ली हरकत घ्यायला मोकळी होते.

ऑस्ट्रेलियन स्वप्नाचं जुनं माप पाव एकराचं. म्हणजे बरोबर दहा गुंठे. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये बागायतीचा तुकडा दहा गुंठ्यांच्या खाली जाऊ नये असं ठरवलं. थोडक्यात, आपल्याकडे ज्यावर एका घराची शेती चालावी अशी सरकारची अपेक्षा, तेवढ्या जमिनीवर इथला माणूस गवत वाढवतो आणि शनिवारी कापून फेकतो. आता हे स्वप्न कुणालाच परवडेनासं झालंय. ऑस्ट्रेलियाच्या सरकारला जुलै 2024 पासून पाच वर्षांत देशभर 12 लाख नवी घरं हवी आहेत. बॅकयार्ड रिकामंच पडलंय. मग घोडं अडतं कुठे?

अडतं ते अतिशय सभ्यपणे. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ 'तलाठ्याला पुरून उरलो, ही काऊन्सिल काय चीज आहे!' म्हणत मैदानात उतरले. तलाठ्याची सर काऊन्सिलला नाही, हे खरंच. तलाठी निदान समोर दिसतो. इथे आधी लायसन्स्ड सर्व्हेअर, मग टाऊन प्लॅनर, मग झाडांचा तज्ज्ञ, आणि प्रत्येकाचं बिल. मेलबर्नच्या व्हिक्टोरिया राज्यात काऊन्सिलने 60 दिवसांत निर्णय दिला नाही तर अर्जदाराला व्हीकॅट नावाच्या लवादाकडे जाता येतं. वाचायला किती छान! फक्त पहिल्या 28 दिवसांत काऊन्सिलने 'आणखी माहिती हवी' असं पत्र धाडलं की घड्याळ थांबतं, आणि सगळी माहिती साहेबांच्या मनासारखी पोहोचली की 60 दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. हे पत्र कितव्या दिवशी येतं, याचा अंदाज महाराष्ट्रात एकदा तरी सरकारी कचेरीत जाऊन आलेल्या वाचकाने स्वतःच बांधावा.

झाडाचं प्रकरण तर ऐकाच. झाड शेजाऱ्याचं, कुंपणापलीकडचं. पण खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आणि त्या वर्तुळात खोदताना झाडाची परवानगी घेतल्यासारखं वागायचं, असं इथलं मानक सांगतं. अर्ध्या मीटरचं खोड असेल तर चहूबाजूंनी सहा मीटर. वर्तुळाला कुंपण कळत नाही. गृहस्थांच्या बॅकयार्डात भाऊ नव्हता, पण निलगिरीचा हिस्सा निघाला.

मग शेजारी. त्यांची आवडती हरकत 'नेबरहूड कॅरेक्टर'. साठच्या दशकात एकाच साच्यातून काढलेली विटांची घरं, प्रत्येकापुढे तीच पोस्टाची पेटी, आणि याला म्हणे व्यक्तिमत्त्व आहे; मागे एक छोटं घर आलं की ते ढासळतं. हरकत लिहिणारे हेच लोक रविवारी मुलांना घर मिळत नाही म्हणून हळहळतात. घरं झालीच पाहिजेत, यावर सर्वांचं एकमत आहे. ती तिकडे, दोन स्टेशनं सोडून व्हावीत, यावरही आहे.

आणि या सगळ्यांवर कडी करतो तो मेलेला बिल्डर. शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी मोठा मळा पाडून प्लॉट विकले आणि कागदात अट घातली: एका प्लॉटवर एकच घर. अशी अट 25 जून 1991 च्या आधीची असेल, तर ती काढण्याचं परमिट देताना काऊन्सिलला खात्री करून घ्यावी लागते की अटीचा फायदा असलेल्या शेजाऱ्यांना कसलीही हानी होणार नाही. कायदा इथे थांबत नाही. त्या हानीत 'वाटणारी' हानीही धरली आहे! म्हणजे नुकसान झालंच पाहिजे असं नाही, तसं वाटलं तरी पुरे. शेजाऱ्याचं बरं झालेलं न बघवणं ही आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली कला आहे. पण तिला कलम आणि पोटकलम मिळवून द्यायला व्हिक्टोरियाची विधानसभा लागली.

जमिनीची वाटणी करण्याच्या बाबतीत आपण फार पुढे. 1947 चा तुकडेबंदी कायदा सांगतो तुकडे पाडू नका. लोकांनी स्टँपपेपरवर गुंठा-गुंठा विकला, घरं बांधली, वास्तुशांतीला नगरसेवकाला बोलावलं. मग 2001 मध्ये गुंठेवारी कायदा आला. जे झालं ते झालं, पैसे भरा. 2021 मध्ये त्याची मुदत 2020 च्या अखेरपर्यंत ओढली. जुलै 2025 मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी एक गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यांना मोकळीक देण्याची विधिमंडळात घोषणा केली. आपला कायदा वरातीमागून घोड्यावर बसून येतो, पण येतो हो! इथे कायदा आधीच मांडवात बसलेला, नवरदेव बाहेर उभा.

इथल्यांच्या बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी. 1858 मध्ये साउथ ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सने आणलेल्या पद्धतीत सरकार टायटलची हमी देतं. सातबारा हा महसुली कागद आहे, मालकीचा निर्विवाद पुरावा नव्हे, हे आपली कोर्टं सांगून थकली. इथल्या सरकारला हमी द्यायची म्हटलं की परवानगी देताना हात आखडतोच.

पण हात नेहमीच आखडलेला नव्हता. जून 1835 मध्ये जॉन बॅटमनने इथल्या वुरुंजेरी वडीलधाऱ्यांना घोंगड्या, कुऱ्हाडी, सुऱ्या, कात्र्या, आरसे आणि पीठ देऊन सहा लाख एकर घेतल्याचा कागद केला. गव्हर्नर बर्कने तो ऑगस्टमध्ये रद्द केला. जमीन मूळ मालकांना परत मिळाली असं समजू नका. ती राजाची ठरली. 1837 मध्ये रॉबर्ट हॉडलने शहराचा आराखडा आखला. दहा एकरांचा एकेक चौक, त्यात अर्ध्या एकराचे वीस प्लॉट. 1 जूनला लिलाव. लिलाव पुकारणारे हॉडलच. आणि दोन प्लॉट 54 पौंडांना घेणारेही हॉडलच. मोजणी अधिकारी, दलाल आणि गिऱ्हाईक एकाच देहात! 14 दिवसांची पाटी नाही, निलगिरीचं वर्तुळ नाही, नेबरहूड कॅरेक्टर तर नाहीच. ज्यांना वाटणारी नव्हे, खरीखुरी हानी झाली, त्यांची हरकत नोंदवायला कुठे खिडकी उघडलेली नव्हती.

आता राज्य सरकारलाही घाई झाली आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये प्रीमियर जसिंटा ॲलन यांनी छोट्या विभाजनांची परवानगी 60 ऐवजी 10 दिवसांत देता येईल का हे तपासू असं जाहीर केलं. ओळखीतल्या गृहस्थांना मी ही बातमी कौतुकाने सांगितली. त्यांनी टेबलावर फाईल उघडली. परमिट तळाशी होतं, केव्हाच मिळालेलं. त्याच्यावर पाणी कंपनीचा करार, सांडपाण्याच्या जोडणीचा नकाशा, वीजवाल्यांचं पत्र, टेलिफोनच्या पाईपचा दाखला, दुसऱ्या गाडीवाटेची परवानगी. 'हे सगळं जमलं की काऊन्सिल पूर्ततेचा दाखला देणार, मग नोंदणी, मग टायटल,' ते म्हणाले. 'प्रीमियरबाईंना विचारा, दहा दिवस यातल्या कुठल्या कागदाला?'