श्वानप्रस्थाश्रम

शास्त्रकारांनी मनुष्याच्या आयुष्याचे चार आश्रम कल्पिले आणि तिसऱ्या आश्रमात प्रपंचाचा भार मुलांवर टाकून गृहस्थाने अरण्याची वाट धरावी अशी आज्ञा केली. परंतु पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या आसपास बंगला बांधून राहिलेल्या निवृत्त सरकारी अधिकाऱ्याला अरण्य म्हणून वेताळ टेकडीवरची गिरिपुष्पाची लागवड एवढेच उपलब्ध असल्याने, आणि पेन्शन, प्रपंच व सकाळचा चहा यांपैकी एकाही गोष्टीचा त्याग करण्याची त्याची सिद्धता नसल्याने, त्याने त्या आज्ञेत कालमानानुरूप दुरुस्ती करून घेतली आहे. तो एक कुत्रा पाळतो आणि त्याला घेऊन भल्या पहाटे टेकडीवर जातो. बाराही महिने जातो, असे त्याचे म्हणणे असते. पण वैशाखात कुत्र्याला नुसते अंगणात सोडले जाते, पावसाळ्यात त्याला फिरवण्याचे काम घरगड्याकडे असते, आणि दिवाळीचे आकाशकंदील उतरून माळ्यावर गेले व थंडीचा पहिला कडाका पडला की मगच साखळी यजमानांच्या स्वतःच्या हाती येते, हे आळीतल्या सर्वांस ठाऊक असते.

या वर्गातील प्रत्येकाला मी रावसाहेब म्हणतो, कारण त्यांची खरी नावे टेकडीवर कोणी विचारत नाही. तिथे मनुष्य कुत्र्याच्या नावाने ओळखला जातो. ज्यांनी एके काळी अर्ध्या जिल्ह्याची जमाबंदी केली, ज्यांच्या बैलगाडीची चाहूल लागताच तलाठी दप्तर सावरून उभे राहत, ते आता ‘मोतीचे वडील’ म्हणून हाकारले जातात आणि त्या हाकेला प्रसन्नतेने ओ देतात. साहेबाच्या अमदानीत बड्या गोऱ्या अंमलदारांच्या पदरी कुत्री सांभाळण्यासाठी डोरिया नावाचा स्वतंत्र नोकर असे. सबंध हयात वरिष्ठ पदाची अभिलाषा धरलेल्या माणसाने निवृत्तीनंतर त्या डोरियाच्या जागी आपण होऊन रुजू व्हावे, यात दैवाची काही योजना असली पाहिजे.

रावसाहेबांचा पोशाख पाहण्यासारखा असतो. डोक्याला माकडटोपी, तीवरून गळ्याभोवती दोन वेढे घेतलेला मफलर, अंगात फिरतीच्या दिवसांतला बनातीचा कोट, त्याच्या आत हातविणीचा स्वेटर, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि या सर्वांच्या फटीतून दिसणारे नाकाचे लाल टोक. मोती हा अल्सेशियन जातीचा. निसर्गाने त्याला दुहेरी लोकर जन्मतःच दिलेली असूनही, रावसाहेबांच्या स्वेटरातून उरलेल्या लोकरीचा एक अंगरखा वहिनींनी त्याच्यासाठी विणलेला असतो. कुत्र्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते आणि यजमानांचे सुमारे ९८.६, म्हणजे उभयतांत ज्याला ऊब कमी आहे त्याने ज्याला जास्त आहे त्याला पांघरूण घालावे, असा हा प्रकार आहे. ही आकडेवारी मी एकदा त्यांच्या कानी घातली, तेव्हा “माया थर्मामीटर लावून करत नाहीत,” असे उत्तर मिळाले.

थर्मामीटरविषयीची ही तुच्छता मोतीपुरतीच आहे. एरवी रावसाहेबांना अंशांचा मोठा शोक. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले आणि शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला सिमला ऑफिस हे नाव कायमचे चिकटले. हिमालयातले ते नाव आपल्या शहरात वास्तव्यास आहे या गोष्टीने पुणेकराच्या थंडीला एक प्रकारची सरकारी मान्यता मिळाली आहे, असे रावसाहेब मानतात. आदल्या पहाटेचे किमान तापमान ते वर्तमानपत्रात सर्वप्रथम पाहतात. शिवाजीनगरचा आकडा लोहगावच्या आकड्याहून खाली असला तर आपणच काही मिळवल्यासारखे त्यांचे मुख उजळते, आणि पाषाणचा त्याहूनही खाली गेला तर मात्र किंचित मत्सर दिसतो. दिनांक १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात पारा १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. त्या पहाटेचे वर्णन ते इतक्या तपशिलाने करतात की त्या सुमारास आपण पाळण्यात दुलईखाली होतो, याची त्यांना आठवण करून देण्याचे धैर्य कोणास होत नाही.

आता इतका खटाटोप ते का करतात? कुत्र्याच्या प्रकृतीसाठी, हे त्यांचे छापील उत्तर. माझे मत निराळे आहे. आपल्या मध्यम वर्गात निव्वळ आनंदासाठी घराबाहेर पडणे कधीच फारसे प्रतिष्ठेचे मानले गेले नाही. मनुष्य बाहेर पडला तर त्याने भाजी आणावी, मनिऑर्डर करावी, देवदर्शन घ्यावे, गेला बाजार डॉक्टरांनी सांगितले म्हणून चालावे. परंतु पहाटेचा गारवा अंगाला लागावा, तोंडातून निघणारी वाफ पाहावी आणि दवाने भिजलेल्या गवतातून उगीचच पाय ओढत जावे एवढ्यासाठी निघालो आहे, असे सरळ सांगणारा साठीचा गृहस्थ मी सदाशिव पेठेपासून एरंडवण्यापर्यंत कुठे पाहिला नाही. ज्याचा सारा जन्म रजेच्या अर्जातला ‘कारण’ हा रकाना भरण्यात गेला, त्याला विनाकारण सुख भोगणे म्हणजे मंजुरीवाचून खजिन्यातून रक्कम उचलण्यासारखे वाटते. कुत्रा हे ते कारण होय. “मी जातो” असे रावसाहेब कधीही म्हणत नाहीत. “याला न्यायला पाहिजे” असे म्हणतात, आणि म्हणताना असा सुस्कारा टाकतात की ऐकणाऱ्याला त्या वृद्ध देहाची कणव यावी. मोती त्या वेळी बहुधा स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला गाढ झोपलेला असतो आणि त्याला दोनतीनदा हाका मारून उठवावे लागते.

एकदा रस्त्याला लागल्यावर मात्र कारभार मोतीच्या हाती जातो. हा जीव पूर्वजन्मी खात्यात सर्कल इन्स्पेक्टर असावा, असा रावसाहेबांचा दाट संशय आहे, आणि पाहणाऱ्यास तो निराधार वाटत नाही. थंड, दमट हवेत वास जमिनीलगत रेंगाळतो. त्यामुळे रात्रीत कोण आले, कोण गेले, कोणी कोणत्या खांबावर हक्क सांगितला, याची सारी कागदपत्रे पहाटे जागच्या जागी वाचायला मिळतात. मोती प्रत्येक खांबापाशी थांबतो, वहिवाट कोणाची ते नाकाने पडताळून पाहतो, जुनी नोंद रद्द करून आपल्या नावे फेरफार करतो, आणि मागचा पाय खाली टेकवून पुढच्या गटाकडे वळतो. एखाद्या खांबाचा निकाल लवकर लागत नाही. तिथे रावसाहेब तिष्ठत उभे राहतात, तगादा लावतात, साखळीला हलकासा हिसका देतात, आणि कधीकाळी आपल्या कचेरीच्या ओसरीवर खेडूत असेच तिष्ठत असत ही आठवण त्यांच्या मनाला शिवत नसावी, इतका त्यांचा चेहरा निरागस असतो.

गल्लीतल्या कुत्र्यांचा प्रश्न थोडा नाजूक आहे. पहारेकऱ्याच्या रात्रीच्या शेकोटीची राख उबदार असते तोवर ही मंडळी तीत शेपटीखाली नाक घालून वेटोळे करून पडलेली असतात, आणि मोतीचा लोकरी अंगरखा पाहून त्यांच्यातील एखादा एक डोळा उघडतो. त्या एका डोळ्यात जो उपहास असतो, तो मी पुण्यातल्या मराठी समीक्षेतही क्वचितच पाहिला आहे. हद्दीचा वाद निघालाच तर मोती मागे येऊन यजमानांच्या दोन पायांमध्ये उभा राहतो आणि तेथून अतिशय करारी आवाजात भुंकतो. रावसाहेब काठी उगारतात. पहारेकरी मध्ये पडून तडजोड करतो.

आपल्या या नित्यक्रमास धर्माचा आधार आहे, हेही त्यांनी शोधून ठेवले आहे. घरात कुत्रा आणला तेव्हा त्यांच्या वृद्ध मातोश्रींनी विटाळाची हरकत घेतली होती. ती त्यांनी खंडोबाचा कुळाचार दाखवून फेटाळली, आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा पहिला वाटा मोतीला देऊन तो निकाल कायम केला. पण त्यांचा खरा आवडता दाखला महाप्रस्थानाचा. पांडव हिमालयाकडे निघाले, वाटेत द्रौपदी आणि चार भाऊ एकामागून एक पडले, आणि बर्फातून युधिष्ठिराच्या मागे शेवटपर्यंत राहिला तो कुत्रा. इंद्राचा रथ समोर उभा असताना त्या कुत्र्याला सोडून स्वर्गात येणार नाही असे धर्मराजाने बजावले. थंडीत कुत्र्याबरोबर चालल्याची इतकी जुनी आणि इतकी थोर हकीकत दुसऱ्या कोणत्या वाङ्मयात असेल तर ती मला माहीत नाही. रावसाहेबांच्या टेकडीवरही दर हिवाळ्यात हे पर्व घडते. मार्गशीर्षाच्या आरंभी पाच-सहा मित्र मोठ्या निर्धाराने निघतात. पुढच्या आठवड्यात एकाला दमा गाठतो, दुसऱ्याचे गुडघे धरतात, तिसऱ्याच्या सूनबाई बाळंत होतात, चौथा कोणतेही कारण न देता पडतो, आणि पौषात पाहावे तर कड्यावर रावसाहेब आणि मोती असे दोघेच उरलेले असतात. रथ तेवढा येत नाही.

त्या कड्यावर त्यांना पाहावे. वारा पडलेल्या निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली ओघळते आणि खोलगट भागात साचते. त्यामुळे पायथ्याशी बोटे बधिर झालेली असली तरी माथ्यावर येईपर्यंत हवा थोडी सौम्य लागते, आणि खाली शहराच्या चुलींचा व बंबांचा धूर वर चढू न शकता एका सपाट निळसर थराने पेठांवर पसरून राहिलेला दिसतो. त्या थरातून पर्वतीचा कळस वर आलेला असतो. गवत पिवळे पडलेले, त्याच्या टोकांवर दव. हिवाळ्यापुरता उत्तरेकडून मुक्कामाला आलेला थिरथिरा दगडावर बसून शेपटी थरथरवत असतो. दूर कुठे मोर ओरडतो. रावसाहेब अशा वेळी माकडटोपी काढतात. कोट उघडतात, कान मोकळे करतात, डोळे मिटतात, आणि सबंध सेवेत एकाही कागदावर कधी उमटले नसेल असे एक स्मित त्यांच्या चेहऱ्यावर पसरते. मोती शेजारी बसून जांभया देत असतो. इतक्यात वाटेवर कोणाची पावले वाजली की टोपी तत्काळ डोक्यावर जाते आणि रावसाहेब त्रासिक स्वरात म्हणतात, “काय करणार, हा काही खाली यायला तयार नाही!”

उतरल्यावर पारावर बसून कुसळे काढण्याचा विधी असतो. वाळलेल्या गवताची ही अणकुचीदार कुसळे मोज्यांत आणि कुत्र्याच्या केसांत सारख्याच निष्ठेने शिरतात, म्हणून यजमान आपल्या पोटऱ्या आणि मोतीचे कान आळीपाळीने तपासत बसतात. पेन्शनीचे दर, मुलांच्या बदल्या आणि कुत्र्यांचे कोठे या विषयांवरील टेकडीचे सारे सार्वजनिक मत इथेच तयार होते. या तपासणीत एखादे कुसळ नजरेतून सुटले तर ते कातडीत शिरून पुढे सरकत राहते. गेल्या पौषात तसेच झाले. मोतीच्या पंजात कुसळ रुतले, पू धरला, आणि पशुवैद्यांनी ते काढून पंधरा दिवसांची सक्तीची विश्रांती फर्मावली.

रावसाहेबांवर आकाश कोसळले. पहिल्या सकाळी ते नुसती साखळी हातात घेऊन निघाले आणि भेटेल त्याला “तो घरी आहे, पाय दुखावलाय” असा खुलासा करत अर्ध्या वाटेवरून परतले. मग शेजारच्या बंगल्यातली पोमेरेनियन कुत्री पंधरवड्यापुरती तात्पुरत्या बदलीवर मिळावी अशी विनंती त्यांनी करून पाहिली. ती सर्दीच्या सबबीवर नामंजूर झाली. त्यानंतरच्या पहाटे माझ्या दाराची कडी वाजली.

“चला,” रावसाहेब म्हणाले. “तुमचं पोट सुटत चाललंय. मला काय, मी अंथरुणात पडलो असतो. तुमच्यासाठी आलोय.”

मी गेलो. वाटेत एका पाटीवरचा मजकूर वाचायला थांबलो, तर “चला, चला, काय आहे तिथं?” असा परिचित तगादा कानी आला. चढावर मला धाप लागली, तेव्हा ते काहीही न बोलता, अत्यंत सहनशीलतेने, आकाशाकडे पाहत उभे राहिले. परत येताना वहिनी गॅलरीत होत्या.

“अहो, आणलंत का फिरवून?”

“आणलं,” खालून रावसाहेब म्हणाले. “आज पार मारुतीपर्यंत नेलं. उद्यापासून रोज न्यायला पाहिजे. दम कमी पडतो बिचाऱ्याला.”

वहिनींनी आत बोलावून चहा दिला आणि बशीत दोन बिस्किटे ठेवली. मोती कोपऱ्यातल्या गोणपाटावर पंजाला पट्टी बांधून पडला होता. त्याने त्या बिस्किटांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि माझे पहिले बिस्किट संपेपर्यंत त्याची नजर माझ्यावरून हलली नाही.