वाघाची शेपटी, फोटो चारशे
पावसाळ्यात ताडोबाचा गाभा बंद असतो, तेव्हा आमच्यासारखे हौशी जुनी हार्ड डिस्क उघडून बसतात. पहिला फोटो मोहर्लीच्या फाटकातून आत शिरल्यावरचा: जिप्सीपुढे जिप्सी, तिच्यापुढे आणखी एक जिप्सी. मग वाघाचे चारशे फोटो. म्हणजे वाघ होता हे मला नीट आठवतं. फोटोत पुढच्या गाडीतल्या काकांची टोपी आहे. मिलिटरी छापाची, वाघाला दिसू नये म्हणून खास घेतलेली. कॅमेऱ्याला मात्र ती पहिल्या झटक्यात दिसली.

तीनशे बाराव्या फोटोत शेपटी सापडली. बायकोने बराच वेळ निरखून विचारलं, "दोरी आहे का?"

ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं पहिलं, असं गाईड सांगत होता तेव्हा मी शटर स्पीडशी झगडत होतो. मगरीच्या पाठीसारखी साल मिरवणारे ऐनाचे वृक्ष वाटेत उभे होते. एकाचाही फोटो नाही. सर्पगरुड हाताच्या अंतरावर बसला होता. "पक्षी आहे, पुढे घ्या," असं सगळे एका सुरात म्हणालो. (एरवी आमचं कशावरही एकमत होत नाही.)

त्याच डिस्कवरच्या भिगवणच्या फोटोंत रोहित पक्षी तरी आलेत. मी रंग इतके चढवले की तिथलं उजनी धरणाचं पाणी रसना वाटतं.

ऑक्टोबरात गाभा पुन्हा उघडेल. मोठी लेन्स घेतोय. काकांचंही बुकिंग झालंय म्हणे.