बोट सुनेच्या नावावर

अहो, ऐकलंत का? मागच्या गल्लीतल्या भोयांकडे बोट येतेय. फायबरची! इतकी वर्षं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकली, आता म्हणे मत्स्यसंपदा योजनेतून घेणार. आणि कुणाच्या नावावर? सुनेच्या! बाईच्या नावावर ६० टक्के सबसिडी, गड्याच्या नावावर ४०. हे कळलं तेव्हा म्हातारीचं तोंड बघायला हवं होतं... सासऱ्यांनी तर सुपारी गालातच धरून ठेवली.

तर काय सांगत होते, भांडण पेटलं ते बोटीच्या बुडावरून. धाकटा मालवणाकडे खलाशी होता ना, त्याला हवी निमुळत्या बुडाची, मधोमध धार असलेली. लाट कापत सरळ जाते म्हणे. थोरला सपाट बुडावर अडून बसलेला. "अरे, हे खडकपूर्णा आहे, समुद्र नाही!" खरं सांगू? मला थोरल्याचंच पटलं. धरणात बुडालेल्या बाभळी काय कमी आहेत? सपाट बूड उथळ पाण्यातही चालतं, खोडावरून घसरून पुढे जातं. धारेचं खोल बुडतं, ते अडकणारच की.

पण धाकटाही काही खोटं बोलत नाही हं. आषाढात वारा सुटला की सपाट बूड पाण्यावर थाडथाड आपटतं. आणि तुम्ही वल्हं मारा इकडे, बोट चालली तिकडे! हे त्यानं चारचौघांत ओट्यावर सांगितलं, तेव्हा थोरला चुना मळायचाच थांबला.

मग म्हातारीनं तोंड उघडलं. "दोघं एकाच अंगाला वाकून जाळं ओढाल, जाळ्यात कटला-रोहू भरलेले. आधी कोणती कलंडेल रे?" धाकट्याचा चेहरा असा पडला म्हणता! धारेची बोट पटकन एका अंगाला झुकते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

सून आत भाकरी थापत होती. तवा उतरवला, हात पुसत बाहेर आली. "उन्हाळ्यात पाणी आत गेलं की चिखलातून बोट ओढणार कोण? मी आणि सासूबाईच ना? मग सपाटच घ्यायची." झालं! सही तिचीच लागणार, बोलतो कोण? थोरला मिशीतल्या मिशीत हसला, तर त्यालाही ऐकवलं तिनं. आधी लाईफ जॅकेटं, इंजिनचं मग बघू. आणि वारा सुटला की बोट काठालाच बांधायची. हसू गेलं कुठल्या कुठे.

आणि तेवढ्यात आमच्या शेजारीणबाई, त्यांना कुठे काय बोलावं कळतच नाही... म्हणाल्या, "जपा हो, चोरट्या रेतीवाल्यांच्या बोटी जिलेटिन लावून उडवतात ना तहसीलवाले, त्यात तुमची नको जायला." ओटा चिडीचूप! म्हातारी म्हणते, बाजूला मोठ्ठ्या अक्षरांत 'चोखोबा' लिहा. जलाशयालाही नाव त्यांचंच, त्यांचं जन्मगाव मेहुणाराजा हाकेवर, नाव बघून तरी साहेब हात आखडतील. सून म्हणते, नाव-बिव नंतर, आधी नोंदणीचा नंबर टाका. त्यावरून कालपासून सासू-सुनेचं बोलणं बंद आहे म्हणे, आणि निरोप पोचवतोय कोण, तर धाकटा!