वसईचा दुभाषा

सिहोऱ्याला रेल्वेने येणारा माणूस उतरतो तो 'सिहोरा रोड'ला. ज्या स्टेशनाच्या नावाला रेल्वेवाले 'रोड' जोडतात, तिथे गाव आलेलं नसतं, यायचं असतं. कटनी-जबलपूर मार्गावरचं हे आमचं स्टेशन आणि तिकडे मुंबईजवळचं वसई रोड, या दोघांचं नातं काय ते एवढंच. पण वसईने जगाला दिलेल्या संताचं चरित्र वाचताना मला सारखं वाटतं, की या माणसाचा बराचसा जन्म अशा 'रोड' स्टेशनांवरच गेला.

नाव गोन्सालो गार्सिया. जन्म १५५६-५७च्या सुमाराचा, वसईचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच, कोकणची. किल्ल्यातल्या जेझुइट पाद्र्यांपाशी तो शिकला आणि मिसरूड फुटायच्या वयात त्यांच्याबरोबर थेट जपानला गेला. तिथे जपानी इतकी छान शिकला, की धर्मशिक्षणाचं काम त्याच्यावर सोपवून पाद्री निर्धास्त झाले. त्याला स्वतःला जेझुइट व्हायचं होतं. काम सगळं दिलं, संघात मात्र घेतलं नाही. वर्षानुवर्षं हंगामी राहिलेल्या कुणालाही ही कथा नवी वाटणार नाही.

मग त्याने वैतागलेला हुशार माणूस करतो ते केलं: व्यापार सुरू केला. आणि तो चालला! आपल्या संतचरित्रांत आधी दुकान बुडतं, मग विठ्ठल भेटतो. तुकोबांचं तेच झालं. याचं दुकान नीट चालू होतं, गल्ल्यात पैसे होते, आणि तरीही ते सोडून तो मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात शिरला. पाद्री नव्हे हं, साधा ब्रदर. मिस्सा करायचा अधिकार नाही. दारापर्यंत आला, उंबरठ्यावर बसला, आणि तिथेच रमला.

पण विद्या कुठे वाया जाते? १५९३ मध्ये मनिलाहून पेद्रो बाप्तिस्ता नावाचे फ्रान्सिस्कन जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून निघाले. त्यांना जपानी येत नव्हती. येत होती वसईच्या ब्रदरला.

या प्रसंगापाशी मी नेहमी थबकतो. हिदेयोशीने मनिलाकडून चक्क शरणागती मागितलेली. इकडे वकील संन्यासी, तिकडे तलवारीच्या जोरावर देश एक केलेला माणूस, आणि मधे आपला वसईकर. दुभाष्याचं काम म्हणजे दोन्हीकडचा राग आधी स्वतःच्या कानात घ्यायचा आणि मग जरा निववून पुढे द्यायचा. लग्नाच्या बैठकीत मध्यस्थी केलेल्या कुठल्याही मामाला विचारा. तिथे फार तर मानपानावरून अबोला होतो. इथे मुंडकं जायची सोय होती. तरी त्या खेपेला निभावलं. फ्रान्सिस्कनांना क्योतोत राहायची परवानगी मिळाली आणि त्यांनी तिथे चर्च आणि रुग्णालय उभं केलं.

१५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे मालाने गच्च भरलेलं स्पॅनिश जहाज जपानच्या शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागून फुटलं. हिदेयोशीने माल जप्त केला. पाद्री आधी येतात आणि मागून आमचं सैन्य येतं, अशी फुशारकी जहाजावरच्या कुणीतरी मारली, असं सांगतात. मारली असो वा नसो, किंमत भलत्यांनी मोजली. फ्रान्सिस्कनांना आणि त्यांच्या जपानी सोबत्यांना पकडलं, क्योतोत त्यांचा डावा कान कापला आणि भर थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाले भोसकले. त्यांत सुतार होते, स्वयंपाकी होता, बारा वर्षांचा एक पोरगा होता आणि चाळिशीचा गोन्सालो होता. या भागावर विनोद सुचत नाही.

पुढची वाटचाल मात्र पुन्हा त्याच्या वळणावर गेली. 'धन्य' ही पदवी १६२७ ला मिळाली आणि 'संत' व्हायला १८६२ उजाडलं. मधली २३५ वर्षं तो वेटिंग लिस्टवर! त्या काळात चिमाजी अप्पांनी वसई घेतली, किल्ल्यातली चर्चं ओस पडली, तिथल्या घंटा मराठी देवळांत वाजू लागल्या. आणि आजही प्रश्नमंजूषेत 'भारताचा पहिला संत' विचारलं की पुष्कळजण केरळच्या अल्फोन्सा यांचं नाव सांगून मोकळे होतात. त्या संत झाल्या २००८ साली. पहिली स्त्री संत म्हटलं तर बरोबर. पण वसईकर त्यांच्याआधी १४६ वर्षं येऊन बसला आहे.

वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे, म्हणजे परीक्षेच्या दिवसांत त्याच्याकडे अर्जांचा ढीग पडत असणार. पण त्याची सगळ्यांत मजेदार भक्तमंडळी ब्राझीलची. १७४५ मध्ये रेसिफे शहरातल्या मिश्रवर्णी लोकांनी त्याचा उत्सव थाटात मांडला. मिश्र रक्ताच्या माणसाला तिथे मान नव्हता; त्यांनी वसईच्या आईचा हा मुलगा पुढे केला आणि जाबोआतां नावाच्या फ्रान्सिस्कनाने प्रवचनातून ठासून मांडलं, की हा आपल्याच रंगाचा. बंदरात जन्मलेल्या पोराच्या आईचा वर्ण समुद्रापलीकडे दोन शतकांनी असा कामाला आला!

एक तक्रार तेवढी राहते. अनुवादकांचा संत म्हणून जगभर मान जातो जेरोम यांना. विद्वान खरे, पण त्यांचं काम ग्रंथ उघडून, शाई वाळवत, चुकलं तर खोडत चालायचं. समोर हिदेयोशी बसलेला नव्हता. लेखी खातं त्यांच्याकडेच राहू द्यावं. पण तोंडी खातं, म्हणजे कोर्टातले दुभाषे, सहलीचे गाइड, सासू-सुनेमधला नवरा, हे सगळं वसईकडे वर्ग करायला रोमची हरकत नसावी. अर्ज कुठे करायचा ते कळलं की मी पहिला.