तालुका प्रतिनिधी व्हावे कसे?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्यातल्या ज्या तरुणाला पत्रकार व्हायचे असेल, त्याने घरी आधी 'स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय' असे सांगावे. एकदम वृत्तपत्रविद्या म्हटले, की पोरगा पेपर टाकायला निघाला असे घरच्यांना वाटते. मग संगमनेर-नारायणगाव मार्गे पुण्याची एसटी पकडून फर्ग्युसन रस्त्यावरचे रानडे इन्स्टिट्यूट गाठावे. पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग तिथे 1964 पासून आहे. 2021 मध्ये तो विद्यापीठाच्या मुख्य आवारात हलवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा ठिकठिकाणी पत्रकारिता करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी एवढा गलका केला की स्थलांतराला स्थगिती मिळाली. बातमी लावून धरणे म्हणजे काय, याचे एवढे चांगले प्रात्यक्षिक अभ्यासक्रमात दुसरे नसावे.

परीक्षेत 1832 चे 'दर्पण' आणि 1881 चा 'केसरी' यांवर पुरवण्यांमागून पुरवण्या भराव्यात. नेवासे तालुक्यातल्या तरवडीचे मुकुंदराव पाटील मात्र 'टीपा लिहा'च्या पलीकडे सहसा जात नाहीत. या सत्यशोधक गृहस्थांनी 1910 साली 'दीनमित्र' काढला आणि खेड्यात छापखाना ठेवून तो काही दशके चालवला. आपल्याच जिल्ह्यात. खेड्यातल्या वर्गणीदारांकडून त्यांनी पैसे कसे वसूल केले असतील, हे कुठलाही परीक्षक विचारत नाही आणि पुढे नेमके तेवढेच लागते.

पदवी घेऊन परतावे ते जूनमध्ये. पावसाळा हा तालुका प्रतिनिधीचा सुगीचा काळ. भंडारदरा धरणाची क्षमता 11,039 दशलक्ष घनफूट. हा आकडा स्वतःच्या आधार क्रमांकाआधी पाठ करावा. 1926 साली पूर्ण झालेल्या या धरणाला 'ब्रिटिशकालीन' हे विशेषण दरवेळी लावावे, नाहीतर वाचकाला ते कालच बांधल्यासारखे वाटेल. रोज सकाळी फोन करून घाटघर, रतनवाडी, पांजरे, वाकी इथला पाऊस मिलिमीटरमध्ये उतरवून घ्यावा. रतनवाडीच्या बाजूला रेंज मिळाली, तर तीही बातमीच. घाटघरला 'नगरचे चेरापुंजी' म्हणावे. जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले तरी चेरापुंजीने अजून नामांतर मान्य केलेले नाही. धरण 15 ऑगस्टच्या आत भरले तर 'परंपरा कायम', न भरले तर 'परंपरा खंडित'. दोन्ही बातम्या जुलैतच लिहून ठेवाव्यात आणि मथळ्याखाली अम्ब्रेला धबधब्याचा गेल्या वर्षीचा फोटो लावावा.

एक खबरदारी मात्र घ्यावी. बातमी मोठ्या शहरातल्या डेस्कवर जाणार असेल तर तालुका, जिल्हा आणि जवळचा डोंगर, तिन्ही ठळक लिहावेत. नाहीतर घाटघरची अतिवृष्टी विदर्भातल्या अकोल्यात पडते आणि तिथले लोक उन्हात छत्री शोधत बसतात.

पाऊस अकोल्यात, लाभक्षेत्र खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे, हे भंडारदऱ्याचे जुने गणित आहे. बातमीचेही तेच. पाणलोटातल्या वाडीला उन्हाळ्यात टँकर लागला तर आतल्या पानावर चार ओळी. आवर्तन लांबले तर पहिले पान. असे का, हा प्रश्न विद्यार्थ्याने नोकरी पक्की होईपर्यंत कोणालाही विचारू नये.

तालुक्यातल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे वर्षानुवर्षे गावरान बियाणे जपत होत्या. 2018 मध्ये बीबीसीने त्यांना जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत घेतले, 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि कोंभाळण्याचा रस्ता शहरी कॅमेऱ्यांना तोंडपाठ झाला. भावी पत्रकाराने यातून एवढाच बोध घ्यावा, की पुरस्कारानंतर जाणे सोयीचे असते: प्रश्न तयार मिळतात, उत्तरेही. पुरस्काराआधी जायचे तर मडक्यातले वाल, राखेतले बी, डांगराचा वेल, सगळे स्वतः ओळखावे लागते. त्याला श्रेयांक नाहीत. एप्रिल 2023 मध्ये किसान सभेचा मोर्चा अकोल्यातून लोणीकडे निघाला, तेव्हाही उन्हात चालत गेलेल्याला पायाचे फोड मिळाले आणि मंत्र्यांची वाट पाहत संगमनेरला बसलेल्याला मथळा.

आता मानधन. यावर व्याख्यान होत नाही, म्हणून इथे थोडक्यात. बऱ्याच तालुका प्रतिनिधींची खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर असते. म्हणून शिकलेल्या पोराने बातमीच्या 'कोण, काय, कुठे, कधी, का'मध्ये सहावा प्रश्न घालावा: 'किती सेंटिमीटर?' पुढाऱ्याचा वाढदिवस लक्षात ठेवावा. त्याच्या संस्थेची चौकशी त्याच आठवड्यात निघाली, तर वाढदिवसाच्या पुरवणीचे पैसे जमा झाल्याची खात्री करून मग माहिती अधिकाराचा अर्ज करावा. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट पुरते आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत असते; तोवर पुढच्या वाढदिवसाचे बुकिंग सुरू होते.

6 जानेवारीला, म्हणजे पत्रकार दिनी, शाल, श्रीफळ आणि डायरी मिळेल. कार्यक्रमाची बातमी सत्कारमूर्तींनीच द्यायची असते. फोटोओळीत आपले नाव शेवटी टाकावे. फोटोत मात्र मधोमध उभे राहावे.